शकुबाईनं सोडलेलं दार

हिवरपुरात शकुबाईनं दाराशी येऊन हाक मारली, की घरातल्या बाया हातातलं काम टाकून पुढे यायच्या. शकुबाई विनाकारण कोणाच्या दारात उभी राहत नसे. डाव्या हातावर पितळी तबक, त्यात हळद, कुंकू, अक्षता, आणि तोंडात बुलावा. कोणाकडे हळद लागणार, कोणाकडे बारसं, कोणाकडे सवाष्णी जेवायच्या, ते गावातल्या साडेतीनशे घरांना तिच्याच तोंडून कळायचं. लग्नाच्या पत्रिका छापत, नाही असं नाही; पण त्या बाहेरगावच्या सोयऱ्यांसाठी. गावातल्या बाईच्या कपाळाला शकुबाईचं बोट लागलं पाहिजे आणि तिचं नाव घेऊन ‘येजा बरं’ म्हटलं गेलं पाहिजे, तेव्हा कुठं ती पेटीतलं लुगडं बाहेर काढणार.

हिवरपूर वर्धा जिल्ह्यातल्या रोहण्यापासून दोन कोसांवर. ना धड खेडं, ना धड शहर. मंगळवारचा बाजार, एक जिनिंग, एक हायस्कूल, आणि गावाच्या मानानं जरा जास्तच जुनी घरं. कापसानं एकेकाळी इथल्या मालगुजारांना, म्हणजे जमीनदारांना, आणि शेठ लोकांना हात धरून वर नेलं होतं, तेव्हाची ती. शकुबाई इथं सून म्हणून आली छप्पन साली. नवरा प्रेमदास बसस्टँडजवळ केस कापायचं दुकान चालवायचा. दिवसभर गिऱ्हाइकांचं ऐकून घ्यायची सवय लागलेली, त्यामुळे घरी आल्यावरही तो ऐकायचंच काम करी. बोलायचं खातं शकुबाईकडे होतं, आणि ते तिनं कधी रिकामं ठेवलं नाही.

बुलाव्याचं काम सासूकडून आलं, अनुसयाबाईकडून. सासू कडक. पहिल्याच दिवशी तिनं सुनेला बरोबर घेतलं आणि क्रम पाठ करून घेतला: आधी देव, मग पाणी, मग माणसं. आधी मारुतीला अक्षता वाहायच्या, मग विहिरीत टाकायच्या, मग मालगुजारांचा बाडा, म्हणजे वाडा, मग शेठजींची हवेली, आणि तिथून पुढे उजव्या हातानं एकेक घर. हा क्रम म्हणजे गावाचा मान होता. एखादं घर मागेपुढे झालं तर त्या घरच्या बाया रुसायच्या, हळदीला यायच्या नाहीत, आणि ज्यांच्याकडे कार्य ते अनुसयाबाईला धारेवर धरायचे. शकुबाई शाळेत दुसरीपर्यंत गेलेली, सही करण्यापुरतं लिहायची. पण साडेतीनशे घरं आणि त्यातल्या सासवा-सुनांची नावं तिला पंधरा दिवसांत तोंडपाठ झाली.

त्याच दिवशी सासूनं एक दार लांबून दाखवलं आणि सांगितलं, हे सोडायचं. ते आनंदाबाईचं घर. शकुबाईनं विचारलं, काऊन? सासू म्हणाली, सोडायचं म्हणजे सोडायचं, तू नवी आहेस, चूपचाप माझ्यामागं चाल. शकुबाई चूपचाप चालली. आयुष्यात ती चूपचाप चालली असे प्रसंग थोडेच, आणि हा त्यातला सगळ्यात वाईट, असं ती पुढं स्वतःच सांगायची.

घरं दाखवायचा नाद तिला लागला तो त्र्याहत्तर साली. नागपूरच्या कॉलेजातल्या काही मुली मालगुजारांच्या बाड्याचे नकाशे काढायला आल्या होत्या. मालगुजार पुंडलिकराव माणूस भला. त्यांनी ओसरीवर सतरंजी टाकून दिली. पण मुलींना आतलं माजघर पाहायचं होतं, आणि आतल्या बाया म्हणाल्या, अनोळखी पोरी सैपाकघरात कशाला? हायस्कूलचे अण्णाजी मास्तर त्यांना गाव दाखवायला आलेले. ते दारातच अडकले. तेवढ्यात शकुबाई तबक घेऊन आली, मुलींकडे पाहिलं, बाड्यातल्या सासूबाईंना दोन शब्द सुनावले, आणि पाचही मुलींना सरळ देवघरापर्यंत घेऊन गेली. तिला कोण अडवणार? एक सोडला, तर तिच्या पायाला गावातला कोणताच उंबरा परका नव्हता.

तेव्हापासून पाहुणे आले की अण्णाजी मास्तर निरोप पाठवायचे, शकुबाई, येजा. मास्तर बाहेरून सांगत: हा बाडा अमुक सालचा, हे खांब सागाचे, अमुक राजाच्या काळात हे देऊळ. शकुबाई म्हणायची, मास्तर, तुमचं साल झालं का सांगून? मग आता मी सांगतो. आणि ती बाड्याच्या जिन्याकडे न्यायची. त्या जिन्याची आठवी पायरी मुद्दाम चार बोटं उंच केलेली. घरच्यांना ती पायाखालची. चोर आला की हमखास ठेच खाऊन कोसळणार. पाहुण्यांनी मोजत मोजत चढायचं आणि तरी आठव्या पायरीला अडखळायचं, हे ठरलेलं. मोठमोठे प्राध्यापक तिथं भिंत धरताना पाहून शकुबाईला फार समाधान वाटे. हवेलीत ती माडीवरच्या बोळात न्यायची. तिथं जाळीच्या लहान लहान खिडक्या. आतून अख्खा बाजार दिसतो, बाहेरून आतलं माणूस दिसत नाही. शेठजींच्या घरच्या बाया लग्न होऊन आल्या की मरेपर्यंत बाजार तेवढाच पाहायच्या. हे सांगताना तिचा आवाज चढायचा. ज्यानं ही जाळी बसवली त्याला एक महिना तिच्याच मागं बसवायला पाहिजे होतं, असं ती खुद्द शेठजींच्या नातवासमोर म्हणाली होती. तो बिचारा हसला, आणि चहा सांगितला.

आता ही चहाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. हिवरपुरात दारात आलेला पाहुणा कोरडा सोडत नाहीत. घर पाहायला आला असो की मोजायला, चहा झालाच पाहिजे. आणि नुसता चहा कसा द्यायचा म्हणून चिवडा, आणि चिवडा तिखट झाला म्हणून पेढा. बाड्यात पाऊण तास, हवेलीत पाऊण तास, पाटलांकडे तर पानसुपारीही. पाहुण्यांना पाच जागा दाखवायच्या ठरल्या तर तिसरीपर्यंत सूर्य कलायचा आणि ते घड्याळ पाहून जीपमध्ये बसायचे. धर्मशाळा यादीत नेहमी शेवटी असायची, आणि सात-आठ वर्षांत एकाही पाहुण्यानं ती पाहिली नव्हती. शकुबाईनं हे मनात पक्कं नोंदवून ठेवलं होतं.

एक्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत वर्ध्याहून समिती येणार असं कळलं. जिल्ह्यातल्या जुन्या वास्तूंची यादी करायची होती. ज्या जागेचं नाव यादीत चढेल तिला कलेक्टरला विचारल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, असा तो मामला. गावचे सरपंच मधुकरराव, कापसाचे अडते, हुशार माणूस. त्यांनी आदल्या दिवशी घरी बसून पाच जागांचा कागद तयार केला: मारुतीचं देऊळ, बाडा, हवेली, पाटलांचं घर, धर्मशाळा. शकुबाई तेव्हा त्यांच्या बायकोला, यशोदाबाईला, कुठला तरी बुलावा द्यायला आली होती आणि स्वयंपाकघरात बसून होती. ओसरीवर मधुकरराव कोणाला तरी सांगत होते ते तिला स्पष्ट ऐकू आलं. आनंदाबाईच्या अंगणातली विहीर रस्त्याच्या जागेत येते, होळी झाली की ती बुजवायची, तिथं पंचायतीचे गाळे काढायचे. म्हातारीला नोटीस गेली आहे, ती काही बोलली नाही. समितीला ती विहीर दिसायला नको, नाहीतर उगाच ती यादीत जायची आणि काम अडायचं.

शकुबाईनं अर्धा चहा तसाच ठेवला. त्या विहिरीची सगळी हकिकत तिला एव्हाना ठाऊक होती. सदतीस साली आनंदाबाई नवी सून होती आणि तिचा नवरा वासुदेवराव तरुण शेतकरी. त्यांची विहीर तेव्हा गावात मानाची. बुलाव्याच्या अक्षता तिच्यातच पडायच्या. गावाबाहेरच्या वस्तीतल्या बायांना गावातली एकही विहीर मोकळी नव्हती. त्या नाल्यातला झिरा खरवडून पाणी न्यायच्या. वासुदेवरावांनी एका सकाळी त्यांना बोलावून आणलं आणि आपल्या विहिरीवर घागरी भरू दिल्या. आनंदाबाईनं स्वतः पहिला दोर ओढून दिला. गावानं भांडण केलं नाही, दगड मारले नाहीत. फक्त बुलावा बंद केला. अक्षता बाजारातल्या विहिरीत पडायला लागल्या. पुढे ती वस्ती आणि गाव एकाच नळाचं पाणी प्यायला लागले, त्यावरून बोलणारे बोलेनासे झाले, कारण लोक विसरून गेले. दार मात्र सोडलेलं ते सोडलेलंच राहिलं.

आणि शकुबाईनं त्या विहिरीचं पाणी प्यायलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात बाजारातली विहीर आटली, तेव्हा ती दिवस उगवायच्या आधी घागर घेऊन चोरून आनंदाबाईच्या अंगणात गेली. आनंदाबाई सडा टाकत होती. तिनं पाहिलं, काही विचारलं नाही, दोर तेवढा तिच्या हाताशी सरकवून दिला. अख्खा उन्हाळा तसंच चाललं. त्यानंतर दोन वर्षांनी आनंदाबाईच्या एकुलत्या एक लेकीचं, विमलचं लग्न निघालं, मुलगा वडनेरचा. आनंदाबाई बुलावा सांगायला अनुसयाबाईकडे आली. सासूनं नाही म्हटलं. आनंदाबाई मग स्वतःच तबक घेऊन घरोघर फिरली आणि हळदीला एकही बाई गेली नाही. शकुबाई त्या दिवशी घरात दाराआड उभी होती. सगळं ऐकत होती आणि बाहेर आली नाही. सासू वारून दहा वर्षं झाली, आता अडवणारं कोणी नव्हतं, तरी पाय त्या दारापाशी आले की आपसूक रस्त्याच्या पलीकडच्या कडेला जायचे. याची तिला लाज वाटायची, आणि लाज वाटली की ती आणखी मोठ्यानं बोलायची.

त्या दिवशी सरपंचाच्या घरून परतताना तिनं प्रेमदासला दुकानातच गाठलं आणि सगळं सांगितलं. प्रेमदासच्या हातात एका गिऱ्हाइकाचा गाल होता. तो इतकंच म्हणाला, की मधुकररावांशी वाकडं घेतलंस तर या हंगामात कोणी बुलाव्याचं काम देणार नाही. शकुबाई म्हणाली, ते मला माहीत आहे, मी विचारायला नाही आली, सांगायला आली. प्रेमदासनं वस्तरा परत गालाला लावला.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास जीप आली. समितीचे प्रमुख सदाशिवराव, इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, गळ्यात कॅमेरा. आणि त्यांच्यासोबत प्रमिलाबाई, वर्ध्याच्या एका शाळेत शिकवणाऱ्या, टिपणं घ्यायला. चार वाजता परत निघायचं होतं. मधुकरराव पांढरेशुभ्र कपडे घालून हजर. बाड्यात आधण ठेवलं असल्याचा निरोपही आला होता. मारुतीच्या देवळाचे फोटो झाले, खांब मोजून झाले, अण्णाजी मास्तरांनी साल सांगितलं. मधुकरराव बाड्याकडे वळले. शकुबाई वळली नाही.

“साहेब,” ती सदाशिवरावांना म्हणाली, “आमच्या गावात कोनतीबी फेरी अशीच निंगते. आधी देव, मंग पानी, मंग मानसं. देव झाला. आता पानी.”

मधुकरराव हसून म्हणाले की ते लग्नाच्या बुलाव्याचं असतं, सरकारी कामाचं नाही. आणि बाजारातली विहीर तर नळ आल्यावर पंचायतीनंच बुजवली, आता कुठलं पाणी दाखवणार? शकुबाई म्हणाली, एक उरली आहे, तीच दाखवते. क्रम मोडून आधी बाड्यात गेलं तर उद्या मालगुजारांच्या घरीच विचारतील, पाणी सोडून आमच्याकडे कसे आले. मधुकररावांनी एकदा बाड्याच्या दिशेनं पाहिलं. पुंडलिकराव खरंच विचारण्यातले होते. आणि सदाशिवरावांना हा क्रम इतका आवडला, की त्यांनी प्रमिलाबाईंना तो आधी लिहून घ्यायला लावला. तोवर शकुबाई चालायलाही लागली होती. जन्मभर जिथं ती रस्त्याची कड बदलायची, तिथून ती सरळ गेली आणि आनंदाबाईचं फाटक ढकललं.

आनंदाबाई ओसरीवर वाती वळत बसली होती. साठी उलटलेली, अंगानं किरकोळ, नजर मात्र लख्ख. वासुदेवराव जाऊन बारा वर्षं झालेली. घरात ती एकटीच. इतकी माणसं अंगणात शिरलेली पाहून ती उठून उभी राहिली, पण ये की बस म्हणाली नाही. सदाशिवराव विहिरीपाशी गेले. काळ्या दगडाचं बांधकाम, आत उतरायला पंधरा-सोळा पायऱ्या, कडेचा दगड दोरांनी घासून घासून खाचा पडलेला. ते वाकून पाहत राहिले. मग शकुबाईनं सदतीस सालची गोष्ट सांगितली. तिच्या आवाजात हवेलीच्या जाळीवाला चढ नव्हता, सरळ सांगितली.

सदाशिवराव म्हणाले, दगड चांगला आहे, पण असा दगड जिल्ह्यात खूप ठिकाणी आहे. सदतीस साली विहीर मोकळी केली हे खरं असेल तर तिला सोडता येणार नाही. त्याला काही पुरावा आहे का? आनंदाबाईनं मान हलवली. कागद नाही, फोटो नाही. वस्तीतल्या दोन म्हाताऱ्या अजून आहेत, त्या सांगतील, एवढंच ती म्हणाली. मधुकररावांना हीच संधी हवी होती. ते म्हणाले, वस्तीतले लोक त्यांच्या बाजूनं सांगणारच साहेब, गावातून तर असं कोणी सांगत नाही. उगाच ऐकीव गोष्टीवर यादी करायची म्हटलं तर पंचायतीला हरकत नोंदवावी लागेल. सदाशिवरावांनी प्रमिलाबाईंच्या वहीत विहिरीच्या नावावर ठेवलेलं बोट काढून घेतलं. त्यांना चार वाजता निघायचं होतं आणि अजून चार जागा बाकी होत्या.

शकुबाईला कळलं की आता विहीर गेली. आणि हेही कळलं की एक पुरावा आहे, फक्त तो स्वतःच्या तोंडानं, या बाईच्या अंगणात उभं राहून, तिच्यासमोर सांगावा लागेल. 

“पुरावा मी आहो, साहेब. माह्या सासूनं हे दार सोडलं, तिच्यामागं म्या सोडलं. चव्वेचाळीस वर्षं झाली, या घराले बुलावा नाई. त्यातली पंचीस माह्या हातची. साडेतीनशे घरं फिरतो मी, चोराच्या घरी देतो, दारुड्याच्या घरी देतो. या बाईनं कोनाचं काई नेलं नाई, कोनाशी भांडली नाई. मंग गावानं हिलेच काऊन सोडलं? पानी दिलं म्हनून. दुसरं कारन असन, तं सरपंचभाऊनं आत्ता सांगावं.”

मधुकरराव चांगले बोलके. पण दुसरं कारण नव्हतंच, ते काय सांगणार? त्यांची स्वतःची आई याच रस्त्यानं कड बदलून जायची, हे त्यांनी लहानपणी तिचं बोट धरून पाहिलेलं होतं. ते म्हणाले, जुन्या गोष्टी आहेत साहेब, तेव्हाचे लोक तसे होते. सदाशिवराव म्हणाले, म्हणजे झालं होतं हे खरं. तेव्हा अण्णाजी मास्तर हळूच म्हणाले, हो, खरं आहे, मी या गावचाच आहे. प्रमिलाबाईंनी शकुबाईचं सांगणं शब्दाला शब्द उतरवून घेतलं आणि वही तिच्यापुढे केली. शकुबाईनं खाली बसून, मांडीवर वही धरून, एकेक अक्षर दाबून सही केली. मान वर करून आनंदाबाईकडे पाहायची तिची छाती झाली नाही.

सदाशिवराव तिथून बाड्यात गेलेच नाहीत. ते वस्तीत गेले, दोन्ही म्हाताऱ्यांना भेटले, त्यांची नावं आणि जबाब लिहून घेतले. एकीला तर त्या सकाळी कोणत्या घागरीनं पाणी नेलं तेही आठवत होतं. बाड्यातलं आधण तीनदा आटलं. पुंडलिकराव रागावले, मग त्यांना सगळं कळल्यावर म्हणाले, माझं घर कुठं पळून जातं, पुढच्या खेपेला पाहतील. होळीच्या चार दिवस आधी पंचायतीत कलेक्टरचं पत्र आलं, पुढील आदेशापर्यंत विहिरीला हात लावू नये. गाळे रस्त्याच्या पलीकडे सरकले. समितीची आणखी एक खेप झाली आणि पुढल्या वर्षी यादीचं पुस्तक निघालं, त्यात हिवरपूरच्या पाच जागा होत्या आणि विहीर पहिली. धर्मशाळा याही खेपेला राहूनच गेली.

पण ते पुस्तक नंतरचं. त्या मार्चात शकुबाईच्या तबकाला काम नव्हतं. मधुकररावांनी कोणाला उघड मना केलं नाही, पण गावाला एवढं समजतं. लोक तिच्याशी बोलत, हसत, बुलावा मात्र सांगत नव्हते. प्रेमदास बोलला नाही. तो बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं. तिला पश्चात्ताप नव्हता. घरी बसायची सवय नव्हती म्हणून ती चिडचिडी झाली आणि दोनदा प्रेमदासच्या दुकानात जाऊन गिऱ्हाइकांना गावाचा इतिहास सांगून आली.

एप्रिलात मधुकररावांच्या लेकीचं लग्न निघालं. त्यांनी वर्ध्याहून गुलाबी पत्रिका छापून आणल्या आणि साडेतीनशे घरांत माणसाकरवी वाटल्या. मांडवाच्या दिवशी यशोदाबाईनं दोनशे बायांचा चहा टाकला आणि नऊ बाया आल्या, त्यातल्या पाच घरच्याच. बाकीच्यांना कोणी विचारलं की का नाही आल्या, तर म्हणाल्या, आम्हाला बुलावा कुठं होता? कागद आला होता. दुसऱ्या दिवशी हळद. सकाळी सकाळी यशोदाबाई स्वतः शकुबाईच्या घरी आली, दारात उभी राहून म्हणाली, चूक झाली, आता माझी लाज राख. शकुबाई चुलीपुढून उठलीही नाही. ती म्हणाली, फेरी करते, पण फेरी माझ्या क्रमानं निघेल, आणि पाणी म्हणजे कोणतं पाणी हे तुम्हाला माहीत आहे; पाण्यानंतरचं पहिलं घरही तेच. यशोदाबाईनं नवऱ्याला विचारून सांगते म्हटलं नाही. ती म्हणाली, तुला वाटेल तसं कर, पण आज कर.

शकुबाई मारुतीला अक्षता वाहून आनंदाबाईच्या अंगणात आली. विहिरीत अक्षता टाकल्या. मग ओसरीच्या पायऱ्या चढली, चौकटीला हळदकुंकवाची बोटं लावली आणि आतल्या अंधाराकडे तोंड करून हाक मारली, जशी ती सगळ्यांना मारायची. आनंदाबाई हात पुसत बाहेर आली. शकुबाईनं तिच्या हातावर अक्षता ठेवल्या. सरपंचाच्या घरी आज हळद आहे, आनंदाबाई, येजा बरं, असं ती म्हणाली.

आनंदाबाईनं हातावरच्या अक्षता मुठीत धरल्या. मग घाबरत घाबरत, हळू आवाजात म्हणाली,

“शकू, बुलावा आननारीले काय देत असतेत आता? मले आठवत नाई वं.”

मूठभर गहू देतात, फार तर वर गुळाचा खडा. सगळ्या घरी शकुबाई आधीच हात आडवा करून म्हणायची, पुरे, पुरे, अजून साडेतीनशे घरं फिरायची आहेत. तिनं सांगितलं, हाताला येईल ते द्या काकू. आनंदाबाई आत गेली. कणगीचं झाकण सरकल्याचा आवाज आला, आणि ती सूप भरून गहू घेऊन बाहेर आली. इतकं भरलेलं, की तिच्या हातांना पेलवत नव्हतं. शकुबाईनं तबक खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी पदर पसरला. आनंदाबाई ओतत राहिली. शकुबाईनं पुरे म्हटलं नाही.